कात्री काढून घेऊ नका

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हातात कात्री द्यावी का, असे देवनार-गोवंडीच्या पट्ट्यात कुणालाही विचारा. उत्तरे चार प्रकारची येतात आणि चारही 'नको' अशीच असतात. आई म्हणते, लागेल त्याला. बालवाडी चालवणारा म्हणतो, वेळ फुकट जातो, पालकांना वहीत अक्षर दिसायला हवे. पोषणाच्या योजनेत राबणारा कार्यकर्ता म्हणतो, आधी मुलाचे वजन भरू द्या. चौथे उत्तर चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसांकडून येते आणि ते सर्वांत जड आहे: या वस्तीतल्या मुलांच्या हातांना आजवर पुष्कळ कामाला जुंपले, आता त्यांना अक्षर द्या, हत्यार नको.

चारही उत्तरांमागे मुलाबद्दलची काळजी आहे. म्हणूनच त्यांचा प्रतिवाद नीट, एकेक मुद्दा घेऊन करायला हवा. काळजीपोटी घेतलेला चुकीचा निर्णय कुणी तपासत नाही आणि तो वर्षानुवर्षे तसाच चालू राहतो.

माझे म्हणणे सरळ आहे. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या नजरेखाली, आठवड्यातून दोन-तीनदा थोडा वेळ, नीट कापणारी लहान कात्री वापरायला मिळाली पाहिजे. पेन्सिलीने अक्षर गिरवायला बसवण्याच्या आधी मिळाली पाहिजे. आणि ज्या मुलाच्या घरी कात्री, कोरा कागद किंवा बसायला मोकळा कोपरा नाही, त्याला ती सर्वांत आधी मिळाली पाहिजे.

आज घडते ते उलट. चेंबूरकडच्या महागड्या पूर्वप्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात कातरकाम, चिकटकाम, मातीकाम असते, आणि पालक त्यासाठी फी भरतात. तिथून थोड्याच अंतरावर, शिवाजीनगर-बैंगनवाडीत, त्याच वयाचे मूल पाटीवर उभ्या-आडव्या रेघा काढत बसवलेले असते. देवनार हे नाव मुंबईत बहुतेकांना कचराभूमीमुळे ठाऊक आहे. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येतो. १९७१ पासून कत्तलखाना इथे आहे. पण १९५४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही याच देवनारमध्ये आहे. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहराच्या २४ प्रभागांत एम पूर्व हा आपला प्रभाग अगदी तळाला होता. देशभरातले विद्यार्थी समाजकार्य शिकायला जिथे येतात, त्याच प्रभागातल्या अंगणवाडीत तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांचा विचार होत नसेल, तर ही उणीव ज्ञानाची नाही. आपण कोणत्या मुलासाठी काय पुरेसे मानतो, त्याची आहे.

'वेळ फुकट जातो'

आधी बालवाडीवाल्यांचा मुद्दा. पालक पैसे मोजतात, पहिलीच्या प्रवेशाची धास्ती असते, शेजारच्या मुलाच्या वहीत ए ते झेड भरलेले दिसते. अशा वेळी 'आज मुलांनी कागद कापले' असे सांगणारी ताई कामचुकार ठरते. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा 'लवकर लिहायला बसवा' हा उपाय मुलाच्या हाताला न विचारता ठरवलेला आहे.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून पुढच्या दहा-बारा वर्षांत टणक होतात. तळहातातले आणि बोटांतले बारीक स्नायूही या वयात अजून घडत असतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला पेन्सिल दिली की ते ती मुठीत धरते, खांद्यातून जोर लावते, कागद फाटेपर्यंत दाबते आणि दहा मिनिटांत थकते. आपण म्हणतो, लक्ष नाही त्याचे. लक्ष असते, हात तयार नसतो. या वयात जबरदस्तीने बसलेली पकड पुढे बदलणे फार कठीण जाते, हे पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता कात्री हातात घेतल्यावर काय होते ते पाहू. अंगठा वरच्या कडीत जातो, मधले बोट खालच्या कडीत, आणि तर्जनी कडीच्या पुढे, बाहेरून आधार देते. अनामिका आणि करंगळी आत मुडपून हाताला स्थिर ठेवतात. पेन्सिल धरायला नेमकी हीच विभागणी लागते: तीन बोटे काम करणारी, दोन टेका देणारी. कात्री मिटणे सोपे असते. उघडणे अवघड असते, कारण मूठ वळण्याची सवय जन्मापासूनची असते आणि ठरवून, मोजून बोटे उघडण्याची सवय नव्याने लावावी लागते. उघड, मीट, पुन्हा उघड, पण या वेळी अर्धीच मीट. किती जोर लावायचा आणि कुठे थांबायचे, हे बोटांना या क्रियेतून कळते.

त्याच वेळी दुसरा हात वेगळेच काम करत असतो. तो कागद धरतो आणि रेघ वळली की कागद फिरवतो. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामे करायची आणि दोन्हींचा मेळ डोळ्यांनी घालायचा, हे शर्टाचे बटण लावायला लागते, डब्याचे झाकण उघडायला लागते आणि लिहितानाही लागते, कारण तिथे एक हात वही धरून सरकवत असतो. डोळ्यांचेही शिक्षण होते. कात्रीचे पाते जिथे आहे तिथे न पाहता, ते पुढे जिथे जाणार आहे तिथे पाहावे लागते. वाचताना डोळे नेमके हेच करतात.

देवनागरी लिहिणाऱ्या मुलाला याची गरज अधिक आहे. 'क', 'ळ', 'ह', 'झ' ही अक्षरे पाहा. अशा अक्षरांत गोलाई, गाठ, उभा दांडा, हात उचलून पुन्हा टेकवणे आणि शेवटी वरची रेघ, एवढे सगळे येते. सरळ रेघ कापता कापता थांबून कोपऱ्यावर वळायला शिकलेल्या हाताला हे वळण परके वाटत नाही.

अभ्यासकांनी काय पाहिले तेही सांगतो आणि जेवढे पाहिले तेवढेच सांगतो. २०१० मध्ये डेव्हिड ग्रिसमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या मोठ्या पाहण्या एकत्र ठेवून पाहिल्या. शाळेत पाऊल टाकताना ज्या मुलांची हाताची बारीक कौशल्ये चांगली होती, त्यांचे पुढच्या वर्षांतले वाचन आणि गणितही चांगले आढळले. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असे सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. पण २०१२ मध्ये इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा दिसले की जे अक्षर मुलाने स्वतःच्या हाताने काढले होते तेच पाहताना वाचनाशी निगडित भाग जागे होत होते. ते टाइप केले किंवा ठिपक्यांवरून गिरवले तर तसे होत नव्हते. म्हणजे गिरवण्याच्या ज्या वह्यांसाठी आपण कात्री बाजूला ठेवतो, त्या वह्यांचा भरवसा आपण समजतो तेवढा नाही. हात स्वतः आकार घडवतो तेव्हा शिकतो. फुकट जाणारा वेळ कुठला, हे आता बालवाडीवाल्यांनीच ठरवावे.

'लागेल त्याला'

आईची भीती मी हलकी मानत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत धाकटे बाळ खाली झोपलेले असते, स्टो चालू असतो, आणि मोठ्या मुलाच्या हातात कात्री असावी असे कुणाला वाटेल? घरात कात्री उघड्यावर ठेवू नका, हे बरोबरच आहे. पण यावरून 'मुलाला कात्री शिकवूच नये' असा निष्कर्ष निघत नाही. याच घरात विळी असते, सुरी असते, दाढीचे पाते असते. याच गल्लीत पत्र्याचे तुकडे आणि फुटक्या काचा असतात. धारेच्या वस्तूंपासून या मुलाची सुटका नाही. त्या कशा धरायच्या हे त्याला कुणी शिकवलेले नाही, हा खरा धोका आहे.

धोका कमी करण्याचे मार्ग माहीत असलेले आणि साधे आहेत. कात्री गोल टोकाची, लहान हाताच्या मापाची आणि धातूच्या पात्याची असावी. संपूर्ण प्लास्टिकची 'सुरक्षित' कात्री आणू नका. ती कागद कापत नाही, दुमडते. मूल जोर लावते, कात्री निसटते, आणि शेवटी मुलाची समजूत होते की आपला हातच वाईट आहे. बोथट हत्यार जास्त जोर मागते आणि जास्त घसरते, हे आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे.

नियम चारच हवेत. कात्री बसूनच वापरायची. हातात घेऊन चालायचे नाही. दुसऱ्याला देताना पाती आपल्या मुठीत मिटलेली आणि कड्या समोरच्याकडे. कात्री कागदासाठी आहे, केसांसाठी किंवा कपड्यांसाठी नाही. हे नियम तीन वर्षांचे मूल पाळू शकते, कारण कात्री ही त्याच्यावर टाकलेली जबाबदारी असते आणि या वयाला जबाबदारी फार आवडते.

ताईंचीही एक रास्त तक्रार असते: एकटी बाई पंचवीस-तीस मुलांवर नजर कशी ठेवणार? तिने पंचवीस जणांना एकदम कात्री द्यायचीच नाही. एका वेळी चार किंवा पाच मुले तिच्यासमोर कात्री घेऊन बसतील. बाकीची मदतनीसताईंबरोबर वर्तमानपत्र फाडतील, कणकेच्या गोळ्या वळतील, चिमट्याने चणे एका वाटीतून दुसरीत टाकतील, मटार सोलतील. हीसुद्धा त्याच शिक्षणाची पहिली पायरी आहे. आठवड्यात प्रत्येक मुलाची पाळी दोन-तीनदा येते आणि तेवढे पुरते.

पायऱ्या चुकल्या की मूल कंटाळते, म्हणून त्याही सांगतो. सुरुवात कागद फाडण्यापासून करा. फाडताना दोन्ही हात विरुद्ध दिशेने फिरतात आणि बोटांत ताकद येते. मग कात्री, पण पातळ कागदावर नको. पातळ कागद वाकतो. लग्नपत्रिकेचा, खोक्याचा, कॅलेंडरचा जाड कागद घ्या आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून द्या. कात्री एकदा मिटली की पट्टीचा तुकडा पडतो आणि मुलाला यश ताबडतोब दिसते. त्यानंतर झिरमिळ्या. आकाशकंदिलाला आपण लावतो त्याच. कागदाच्या कडेला काप द्यायचा आणि पूर्ण कापायच्या आत थांबायचे. हे थांबणे फार मोलाचे आहे. मग दोन-तीन बोटे रुंद पट्टी, जिथे कात्री पुन्हा उघडून पुढे सरकवावी लागते. मग जाड स्केचपेनने काढलेली रेघ, पुढे बारीक रेघ. मग कोपरा. मग गोल गुंडाळत जाणारा साप, जो कापून उचलला की लोंबतो. शेवटी पूर्ण गोल आणि चित्रे. साधारण तिसऱ्या वर्षी तुकडे, चौथ्याच्या आसपास रेघ, पाचव्याच्या आसपास गोल आणि कोपरे, अशी ही चाल असते. मुलामुलांत सहा महिन्यांचा, वर्षाचाही फरक पडतो आणि तो दोष नसतो.

कोपर अंगाजवळ आणि अंगठा आभाळाकडे, एवढे दोन शब्द ताईंनी रोज म्हणावेत. अंगठा खाली वळला की मनगट मुरडते आणि कात्री तिरकी जाते. आणि डावखुऱ्या मुलाकडे लक्ष द्यावे. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की वरचे पाते रेघ झाकून टाकते आणि बोटांचा दाब पाती एकमेकांपासून दूर ढकलतो. कागद कापण्याऐवजी पात्यांमध्ये अडकतो. आपल्याकडे जेवताना-लिहिताना डावा हात पुढे करणाऱ्या मुलाला आधीच पुष्कळ ऐकावे लागते. त्यात ही कात्री भर घालते. प्रत्येक अंगणवाडीत निदान दोन डाव्या हाताच्या कात्र्या असायलाच हव्यात.

'आधी वजन वाढू द्या'

एम पूर्वमध्ये कुपोषणाशी झुंजणाऱ्या माणसांपुढे कात्रीचा विषय काढताना मला संकोच होतो. उपाशी मुलाच्या हातात कात्री देऊन काय करणार, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. भूक, जंत, रक्ताची कमी यांचा हातांच्या विकासावरही परिणाम होतो. लोहाची कमतरता असलेले मूल लवकर थकते. आहार हवाच, त्यावर वाद नाही.

वाद आहे 'आधी' या शब्दावर. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पोषण-आरोग्य शिक्षण या सहा सेवा एकाच अंगणात ठेवल्या गेल्या. आपल्या धारावीत तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक होता. योजना आखणाऱ्यांनी आहार आणि शिक्षण यांना मागे-पुढे उभे केले नव्हते. पुढे व्यवहारात वजनकाटा आणि नोंदवही उरली आणि शिक्षण मागे पडले.

जगातला एक प्रयोग या वादाला थेट उत्तर देतो. जमैकातल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. काहींना पूरक आहार दिला, काहींना घरी बनवलेल्या खेळण्यांनी आईबरोबर खेळण्याचा आठवड्याचा कार्यक्रम दिला, काहींना दोन्ही. १९९१ मध्ये निष्कर्ष आले: आहाराने फायदा झाला, खेळाने झाला आणि दोन्ही मिळाले त्यांना सर्वांत जास्त झाला. कार्यक्रमानंतर वीस वर्षांनी पॉल गर्टलर आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलांचा पुन्हा शोध घेतला आणि निष्कर्ष २०१४ मध्ये मांडले. लहानपणी खेळाचा कार्यक्रम मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ती मुले दोन वर्षांच्या आतली होती आणि त्यांच्या हातात कात्री नव्हती, खुळखुळे आणि ठोकळे होते. तरी मुद्दा कायम राहतो. कुपोषित मुलाच्या वाट्याला हातांचा खेळ उशिरा यावा, यासाठी शास्त्राचा आधार नाही. त्याची गरज तर इतरांहून जास्त आहे.

'या हातांना आता काम नको'

आता शेवटचा, सर्वांत गंभीर आक्षेप. तो अनुभवातून आलेला आहे. गोवंडी-शिवाजीनगरात जरीचे कारखाने होते आणि आहेत. बिहारमधून आणलेली मुले माळ्यावर वाकून सुईने टिकल्या टाचत असत. २००५ मध्ये मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांवर छापे पडले आणि शेकडो मुले घरी पाठवली गेली. कचराभूमीवर प्लास्टिक वेचणाऱ्या मुलांचे हात या शहराने पाहिले आहेत, आणि पाहून तोंड फिरवले आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली खरी, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात 'मदत' करण्याची वाट उघडी राहिली. अशा वस्तीत 'हातांचे शिक्षण' हा शब्द उच्चारला की संशय येणे साहजिक आहे. श्रीमंतांच्या मुलांना पुस्तक आणि गरिबांच्या मुलांना हत्यार, हा खेळ आपण ओळखतो.

इतिहासही या संशयाला दुजोरा देतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी शाळेचा वेळ अर्धा करून उरलेल्या वेळी मुलांनी आईवडिलांचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला जातीचा धंदा पुन्हा गळ्यात बांधणारी योजना म्हटले आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. विरोध योग्य होता. १९३७ मध्ये वर्ध्यात मांडलेल्या नई तालीममध्येही, मुलाच्या हातून तयार झालेल्या वस्तूंवर शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा मला मान्य नाही. मुलाच्या हाताने काही कमवावे, असे म्हणताक्षणी शिक्षणाचे काम होते.

मग कात्री वेगळी कशी? जरीच्या चौकटीपुढे बसलेल्या मुलाला आणि अंगणवाडीत कागद कापणाऱ्या मुलाला तीन प्रश्न विचारून पाहा. काय करायचे हे कोण ठरवते? थांबायचे कधी हे कोण ठरवते? तयार झाले ते कुणाचे? कारखान्यात तिन्हींचे उत्तर मालक आहे. अंगणवाडीत तिन्हींचे उत्तर मूल आहे. कारखाना एकाच हालचालीची हजारो आवर्तने मागतो. त्यात बोटे एका कामात बांधली जातात आणि डोळे जातात. कात्रीचे शिक्षण दर वेळी पुढची पायरी मागते आणि मुलाला कंटाळा आला की संपते. दोन्हीकडे हात हलतात म्हणून दोन्ही एकच मानणे म्हणजे वेठ आणि खेळ यांतला फरकच पुसणे.

आणि हात वर्ज्य करून आपण कुणाचा विचार पुढे चालवतो, हे चळवळीतल्या मित्रांनी पाहावे. विचार करणारे वरचे आणि हाताने काम करणारे खालचे, ही वाटणी या देशातल्या जातीने केली आहे. या वाटणीवर महाराष्ट्रात पहिला घाव घालणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. अक्षर आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही त्यांनी अभ्यासक्रमात मागितले. आणि गरिबांच्या मुलांचा शिक्षक असा हवा की नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटणार नाही, असेही सांगितले. फुल्यांना अक्षर हवे होते आणि हाताची प्रतिष्ठाही हवी होती. त्यांतले एक निवडा, असा पर्याय त्यांनी कुणाला दिला नव्हता.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच बालशिक्षणात करून दाखवले. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले, अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये दोघी कोसबाडला गेल्या. माँटेसरीची महागडी साधने त्यांना परवडणारी नव्हती, म्हणून वारली मुलांसाठी त्यांनी परिसरातले खडे, शिंपले, बिया, पाने घेतली आणि त्यांतून हातांचे आणि डोळ्यांचे शिक्षण केले. बालवाडीत मुले येत नसतील तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, ही रीतही त्यांचीच. आज देवनारमध्ये जी अंगणवाडी आपण चालवतो ती या वारशातून आली आहे. गरीब मुलाला हाताचे शिक्षण देणे म्हणजे त्याला मजूर बनवणे, असे त्या दोघींना कधी वाटले नाही. उलट ते न देणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मानूनच त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर आयुष्य काढले.

पडदा आणि पेटी

दोन सल्ले हल्ली फुकट मिळतात, त्यांनाही उत्तर द्यायला हवे. पहिला: मोबाइलवर कातरकामाचे खेळ आहेत, ते द्या. पडद्यावर बोट सरकवल्याने चित्र कापले जाते, पण बोटांना कागदाचा विरोध जाणवत नाही, दुसरा हात रिकामा राहतो आणि चूक झाली तरी एका स्पर्शाने पुसली जाते. जे शिकायचे आहे तेच तिथे नसते. दुसरा: बाजारात मिळणारी रंगीत सरावाची पेटी घ्या. तिची गरज नाही. जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, बिस्किटांची खोकी, स्ट्रॉ आणि एक चांगली कात्री एवढ्यावर वर्ष निघते. ज्या प्रभागात मुंबईचा कागद आणि पुठ्ठा येऊन पडतो, तिथल्या मुलाला कापायला स्वच्छ कागद मिळू नये, हे आपण चालवून घेता कामा नये.

मागणी काय आहे

शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे, पण त्याचा हक्क सहा वर्षांपासून सुरू होतो. तीन ते सहासाठी त्याच्या अकराव्या कलमात सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढेच आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीनंतर ४५ व्या कलमातही प्रयत्नाचे आश्वासन आहे, हक्क नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. कागदावर सगळे आहे. म्हणून मागणीही कागदावरची नको, मोजता येईल अशी हवी.

एम पूर्वमधल्या प्रत्येक अंगणवाडीला आणि महापालिकेच्या प्रत्येक बालवाडीला सहा चांगल्या कात्र्या द्या, त्यांपैकी दोन डाव्या हाताच्या. त्यांना धार लावण्याची किंवा त्या बदलून देण्याची तरतूद दरवर्षी करा, नाहीतर दुसऱ्या वर्षी त्या कुलपात जातील. ताईंच्या प्रशिक्षणात भाषणे कमी करा आणि त्यांच्या स्वतःच्या हातात कात्री-कागद देऊन पायऱ्या करून घ्या. पर्यवेक्षिकेने भेटीला आल्यावर वहीतली पाने मोजू नयेत, मुलांना कापताना पाहावे. दर महिन्याच्या पालकसभेत आयांना मुलांबरोबर अर्धा तास कापायला बसवा. आपल्या मुलाचा हात काय करू शकतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की 'वहीत अक्षर का नाही' हा प्रश्न मागे पडतो. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अक्षरे गिरवण्याचा गृहपाठ देणे महापालिकेच्या शाळांनी आणि खासगी बालवाड्यांनी थांबवावे.

यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको, मोठा निधीही नको. एका अंगणवाडीच्या कात्र्यांना लागणारा पैसा वाढदिवसाच्या एका केकपेक्षा जास्त नाही. अडचण आपल्या मनात बसलेल्या एका समजुतीची आहे: या मुलांसाठी एवढे पुरे. आईच्या भीतीला, बालवाडीवाल्याच्या घाईला, पोषणवाल्याच्या चिंतेला आणि कार्यकर्त्याच्या संशयाला वेगवेगळी उत्तरे आहेत आणि ती मी दिली. पण या समजुतीला उत्तर द्यायचे तर अंगणवाडीचे कपाट उघडून कात्र्या बाहेर काढाव्या लागतील आणि देवनारच्या मुलाला त्या उद्यापासून वापरू द्याव्या लागतील.